तेलाचें धन आणि बाजारभाव

गेल्या रविवारीं दुपारचीं जेवणें आटोपून आम्ही सारे ओटीवर बसलों होतों. पुतण्या मुंबईहून आला होता. त्याच्या हातीं एक कागद होता आणि त्या कागदामुळेंच मंडळी जमली होती. कोंकणांतील आमचें वडिलोपार्जित शेत मोठ्या रस्त्यासाठीं सरकारनें घेतलें, त्याला कित्येक वर्षें लोटलीं. मोबदल्याचा पहिला हप्ता त्याच वेळीं मिळाला होता. आतां वाद मिटून वाढीव मोबदलाही पदरांत पडणार, असा त्या कागदाचा आशय होता. या पैशाचें काय करावयाचें, हा प्रश्न होता.

पुतण्या म्हणाला, "काका, गांवच्या घरावर मजला चढवूं, शेजारीं पाहुण्यांसाठीं चार खोल्या बांधूं. पैसा हातीं असला म्हणजे महागाईची भीति कसली? आपल्या देशांत अरबस्तानासारखें तेल निघालें असतें, तर महागाई हा शब्दच कोशांतून गेला असता."

आमची आक्का ऐंशीच्या घरांतली. ती सुपारी कातरतां कातरतां थांबली व म्हणाली, "पहिला हप्ता आला तेव्हां काय झालें, तें विसरलास होय रे?" प्रश्न पुतण्याला होता, पण तिची दृष्टि माझ्याकडे होती, आणि तें योग्यच होतें.

तेव्हां झालें तें असें. रस्त्याच्या कांठच्या पांचसहा गांवांत एकाच वर्षीं पैसा आला. ज्यानें त्यानें घर बांधावयास काढलें. मींही काढलें. "पैसा नुसता पडून काय उपयोग?" हें वाक्य माझेंच. परंतु पंचक्रोशींत गवंडी तेवढेच, सुतार तेवढेच आणि चिऱ्यांची खाण एक. गवंड्याची मजुरी आधीं दीडपट झाली, मग दुप्पट झाली. साखर, मीठ, कापड यांचे भाव मात्र गांवांत वाढले नाहींत; कारण तो माल बाहेरून येतो आणि अधिक मागितला तर अधिक येतो. जें बाहेरून आणतां येत नाहीं तेंच महागलें : कारागिराचे हात, जागा आणि घरभाडें.

याच सुमारास गांवच्या शाळेंतील एक तरुण शिक्षक दोन खोल्या भाड्यानें घेऊन राहत होते. रस्त्याच्या कामावरील लोक त्याच खोल्यांस तिप्पट भाडें देऊं लागले. घरमालकांनीं शिक्षकांस खोल्या रिकाम्या करावयास सांगितलें. ते बदली मागून निघून गेले, आणि त्या वर्गास जवळजवळ वर्षभर शिक्षक मिळाला नाहीं. घरमालक कोण, असें वाचकांनीं विचारल्यास खालीं मान घालून सांगणें प्राप्त आहे कीं, तें घर आमचेंच. जन्मभर ज्यानें खडू हातीं धरला, त्याच्याच संमतीनें एका शिक्षकाचें बिऱ्हाड उठलें. दुष्टपणा कोणीच केला नव्हता. आयता पैसा आला आणि तो घाईनें खर्चिला, इतकेंच.

महागाई म्हणजे काय, हें यांतून कळावें. वस्तु व श्रम जेवढे आहेत तेवढेच राहिले आणि त्यांच्या मागें धांवणारा पैसा वाढला, म्हणजे भाव चढतात. हीच गोष्ट राष्ट्राच्या बाबतींत घडली म्हणजे तिचा विस्तार किती होतो, हें पाहावयाचें असल्यास इराणकडे पाहावें.

सन १९७३ च्या शरदृतूंत आखातांतील कच्च्या तेलाचा घोषित भाव पिंपास सुमारें तीन डॉलर होता. १९७४ च्या आरंभीं तो साडेअकरा डॉलरांच्या वर गेला. तीन महिन्यांत तेलाचा भाव जवळजवळ चौपट! इराणच्या शहानें १९७४ च्या उन्हाळ्यांत कास्पियन समुद्राकांठीं रामसर येथें बैठक भरवून आपल्या पंचवार्षिक योजनेचा खर्च जवळजवळ दुप्पट केला. 'एवढा पैसा देशाला पचणार नाहीं, भाव भडकतील' असें नियोजन खात्यांतील जाणत्या लोकांनीं बजावलें होतें. परंतु दरबारांत तें कोणास रुचलें नाहीं. मग परदेशीं मालाच्या मागण्या गेल्या. जहाजें आलीं, पण खोर्रमशहर बंदरांत माल उतरवून घेण्यास धक्के अपुरे, ठेवण्यास वखारी अपुऱ्या, वाहून नेण्यास गाड्या व चालक अपुरे. जहाजें महिनोंमहिने समुद्रांत नांगर टाकून उभीं राहिलीं आणि त्यांच्या खोळंब्याचा दंड इराण भरीत राहिला. तेहरानांतील घरभाडीं सामान्य नोकरदाराच्या आवांक्याबाहेर गेलीं. परदेशीं तज्ज्ञांस दिलेले पगार पाहून देशी अधिकारी तसेच मागूं लागले, आणि अधिकाऱ्यांचे पाहून कारखान्यांतील कामकरी.

भाव चढले तेव्हां शहानें दोष दुकानदारांस दिला. १९७५ सालीं नफेबाजांविरुद्ध मोहीम निघाली. विद्यार्थ्यांच्या टोळ्या बाजारांत भाव तपासीत हिंडूं लागल्या. हजारों दुकानदारांस दंड झाले, कित्येकांस कैद वा हद्दपारी झाली. तव्याखालचा जाळ तसाच ठेवून दुधाच्या उकळीवर काठी मारण्यासारखा हा प्रकार होता. पुढें १९७७ सालीं खर्चास एकदम कात्री लावली, तेव्हां बांधकामें थांबून मजूर रिकामे झाले. १९७९ च्या क्रांतीचीं कारणें अनेक आहेत, आणि तीं सारीं तेलांत शोधणें बरोबर नव्हे. तथापि रागावलेला व्यापारी आणि रिकामा मजूर त्या वेळीं रस्त्यावर एकत्र उभे होते, हें विसरूं नये.

शहाण्या व सुव्यवस्थित राष्ट्रांसही ही बाधा होते. हॉलंडांत १९५९ सालीं ग्रोनिंगेन प्रांतांत नैसर्गिक वायूचा प्रचंड सांठा सांपडला. वायु विकून परकीय पैसा आला, त्यानें डच नाण्याची किंमत वाढली, आणि त्यामुळें डच कारखान्यांचा माल परदेशांत महाग ठरून खपेनासा झाला. लंडनच्या 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकानें १९७७ सालीं या विकाराला 'डच रोग' असें नांव दिलें, तें अर्थशास्त्रांत कायमचें राहिलें.

आतां नॉर्वेची कथा. तिचा आरंभ एका बापाच्या काळजीपासून होतो. बसरा शहरीं जन्मलेले फारुक अल्-कासिम हे भूस्तरशास्त्राचे पदवीधर, इराकांतील तेल कंपनींत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांची पत्नी नॉर्वेची. त्यांच्या मुलास जन्मापासून मेंदूचा विकार होता आणि त्याची शुश्रूषा नॉर्वेंत चांगली होईल, म्हणून १९६८ सालीं चांगली नोकरी सोडून ते सहकुटुंब नॉर्वेस निघाले. ऑस्लो येथें पुढील आगगाडीस अवकाश होता. तेवढ्या वेळांत ते तेथील उद्योगखात्यांत गेले आणि 'येथें तेल शोधणाऱ्या कंपन्यांचीं नांवें मिळतील काय?' असें त्यांनीं विचारलें. खात्यांत तेलाची माहिती असणारे अधिकारी मोजकेच होते. त्यांस हे गृहस्थ देवानें धाडल्यासारखे वाटले असल्यास नवल नाहीं. उत्तर समुद्रांतील विहिरींचे अहवाल तपासण्याचें काम त्यांजकडे आलें. १९६९ च्या अखेरीस एकोफिस्क येथें मोठा सांठा लागला. पुढें तेलावर राष्ट्राची मालकी व देखरेख कशी राहावी, याची जी घडी नॉर्वेनें बसविली, तींत या परदेशीं गृहस्थांचा वांटा मोठा आहे.

नॉर्वेचे लोक उपजत संयमी होते, म्हणून सारें सुरळीत झालें, अशी समजूत करून घेण्याचें मात्र कारण नाहीं. १९७४ सालींच त्यांच्या सरकारनें पार्लमेंटापुढें ठेवलेल्या निवेदनांत 'तेलाचा पैसा बेतानें वापरावा' असें म्हटलें होतें. आणि तरीही पुढील उत्पन्नाच्या भरंवशावर आधींच कर्ज काढून खर्च केला. मजुरी चढली, भाव चढले. १९७८ च्या सप्टेंबरांत मजुरी व भाव दोन्ही कायद्यानें गोठवावे लागले. गोठवण उठली तेव्हां भाव पुन्हां उसळले आणि १९८१ सालीं महागाई तेरा टक्क्यांच्या वर गेली. १९८६ सालीं तेलाचा भाव कोसळला, तेव्हां नाण्याची किंमत कमी करावी लागली. मागाहून मोठमोठ्या पेढ्याही बुडावयास आल्या व सरकारास त्या ताब्यांत घ्याव्या लागल्या. म्हणजे आमच्या गांवांत जें झालें तेंच तेथेंही झालें. फरक इतकाच कीं, त्यांनीं त्यापासून धडा घेतला.

संस्कृतांत 'योगक्षेम' असा एक सुरेख शब्द आहे. आपण तो पत्राच्या मायन्यांत वापरतों व विसरतों. जें नाहीं तें मिळविणें हा योग. जें मिळालें तें राखणें हा क्षेम. दोहोंस एकाच समासांत बसविणाऱ्यांस ठाऊक होतें कीं, पहिलें पुष्कळदां दैवानें घडतें, दुसरें बुद्धीनेंच घडवावें लागतें. नॉर्वेनें क्षेमाची तरतूद १९९० च्या कायद्यानें केली. तेलाचें सरकारी उत्पन्न एका निधींत जावें असें ठरलें. त्यांत पहिली रक्कम पडली ती १९९६ सालीं.

या निधीची मुख्य खुबी अशी कीं, त्याचा पैसा केवळ परदेशांत गुंतविला जातो. डॉलर येतात ते डॉलरच राहतात आणि जगभरच्या कंपन्यांचे भाग, रोखे व इमारती यांत जातात. म्हणून ऑस्लोंतील सुताराच्या मागें ते धांवत नाहींत. दुसरी खुबी अशी कीं, मूळ रकमेस हात लावावयाचा नाहीं. सरकारनें वर्षाकांठीं सरासरीनें निधीच्या अपेक्षित वाढीएवढेंच घ्यावें, असा नियम २००१ सालीं झाला. ती वाढ तेव्हां चार टक्के धरली होती. २०१७ सालीं ती तीनवर आणली. आपल्या आजोबांच्या भाषेंत, झाडाचीं फळें खावीं, बुंध्यास कुऱ्हाड लावूं नये.

फळ काय मिळालें? २०२४ च्या अखेरीस निधि एकोणीस हजार सातशें अब्ज क्रोनरांच्या वर गेला होता. लोकसंख्या साडेपंचावन्न लाखांच्या आसपास. म्हणजे तान्ह्या मुलापासून वृद्धापर्यंत माणशीं सुमारें पस्तीस लाख क्रोनर. जगांतील शेअरबाजारांत विकल्या जाणाऱ्या एकंदर भागांपैकीं सरासरीनें दीड टक्का एकट्या या निधीचा आहे. निधीचा अर्ध्याहून अधिक हिस्सा आतां तेलाचा नसून गुंतवणुकीच्या वाढीचा आहे.

येथपर्यंत ऐकून पुतण्या म्हणाला, "काका, पैसा दूर ठेवला हें समजलें. पण माणसें पगारवाढ मागतातच कीं! आमच्या कंपनींत दरवर्षीं आम्हांस 'यंदा महागाई आहे, वाढ बेताची घ्या' असा उपदेश होतो आणि वरच्या साहेबांची वाढ वाचून पाहिली तर डोळे फिरतात. मग बेतानें घेण्याचा मक्ता आमचाच काय?"

प्रश्न मार्मिक होता, आणि नॉर्वेच्या कथेचा उत्तरार्ध नेमका येथें आहे. त्या देशांत मजुरी ठरविण्याची एक जुनी रीत आहे. जे कारखाने परदेशाशीं स्पर्धा करतात, त्यांचे कामकरी व मालक आधीं बोलणीं करतात. आपला माल परदेशांत विकला गेला पाहिजे, म्हणून त्यांस फार मोठी वाढ परवडत नाहीं. तेथें जो आंकडा ठरतो, तोच पुढें शिक्षक, परिचारिका, कारकून या सर्वांस सामान्यतः प्रमाण होतो. तेलाच्या धंद्यांत नफा कितीही असो, सर्वांनीं त्याकडे पाहून मागणी करावयाची नाहीं, असा हा संकेत आहे. तो टिकतो विश्वासावर. २०२२ सालीं पगारापेक्षां भाव अधिक वाढले, तेव्हां २०२३ च्या एप्रिलांत हजारों कामकरी संपावर गेले आणि ५.२ टक्के वाढ ठरल्यावर परतले.

आतां मुख्याधिकाऱ्यांचें वेतन. हिशेबच करावयाचा तर मूठभर मोठ्या पगारांनीं तांदुळाचा भाव चढत नाहीं. दहा साहेब कांहीं दहा हजार माणसांचा भात खात नाहींत. त्यांचा पैसा जातो तो जागा, बंगले व भाग यांत, आणि तेथील भाव चढतात. परंतु दुसरा परिणाम अधिक खोल आहे. ज्या पंक्तींत यजमान स्वतःच्या पानांत तूप ओततो आणि पाहुण्यांस 'बेतानें घ्या' म्हणतो, त्या पंक्तींत कोणीच बेतानें घेत नाहीं. वर मर्यादा सुटली म्हणजे खालच्यांनीं ती कां पाळावी? मग प्रत्येक जण जास्त मागतो, मालक तें किंमतींत चढवितो, आणि त्या किंमतीकडे बोट दाखवून पुन्हां मागणी होते. महागाईचें हें चक्र फिरूं लागलें म्हणजे त्याखालीं प्रथम सांपडतो तो ज्याची मागणी कोणी ऐकत नाहीं : पेन्शनर, विधवा, खासगी शाळेंतील शिक्षक.

म्हणूनच २०२२ च्या अखेरीस नॉर्वे सरकारनें आपल्या मालकीच्या कंपन्यांतील मुख्यांच्या वेतनाचे नियम अधिक कडक केले. निधीही ज्या परकीय कंपन्यांचा भागीदार आहे, तेथें अवाढव्य वेतनास विरोध करतो. २०१७ सालीं त्यानें आपलें मत जाहीर केलें कीं, मुख्याच्या वेतनाचा मोठा हिस्सा कंपनीच्या भागांच्या रूपानें द्यावा आणि ते भाग पांच, शक्य तर दहा वर्षें, नोकरी सोडली तरीही विकूं देऊं नयेत. २०२५ सालीं टेस्ला या अमेरिकन मोटार कंपनीच्या इलॉन मस्क यांस, ठराविक उद्दिष्टें गांठल्यास, एक हजार अब्ज डॉलरांपर्यंत किंमतीचे भाग देण्याची योजना सभासदांपुढें आली. निधीनें विरुद्ध मत दिलें. योजना पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक मतांनीं मंजूर झाली. मत हरलें, पण घरीं जो नियम पाळावयाचा तो बाहेरही बोलून दाखवावयाचा, ही सुसंगति त्यांत होती.

एवढें करूनही नॉर्वेंत महागाई येत नाहीं असें नव्हे. २०२२ च्या ऑक्टोबरांत ती साडेसात टक्क्यांवर गेली. युक्रेनच्या युद्धानें युरोपांत वायु व वीज महागली, नॉर्वेचें नाणें उतरलें, बाहेरून येणारा माल महाग झाला. तेथील मुख्य पेढीनें शून्यावर असलेला व्याजाचा दर २०२३ च्या अखेरीपर्यंत साडेचार टक्क्यांवर नेला, आणि कर्ज काढून घर घेतलेल्या तरुण जोडप्यांस तो जाचला. ज्या भाववाढीनें शेजाऱ्यांचे संसार गांजले, तिनेंच नॉर्वेचा निधि फुगला, हें शल्यही तेथील विचारी लोकांनीं बोलून दाखविलें. निधि हा घरांतील आग विझवितो. शेजारून उडून येणाऱ्या ठिणग्या तो थांबवूं शकत नाहीं.

आपल्या देशाची स्थिति तर उलटी आहे. मुंबईच्या समुद्रांत १९७४ सालीं तेल लागलें, तेव्हां आम्हां तेव्हांच्या मुलांस केवढा अभिमान वाटला होता! परंतु आपली गरज एवढी वाढली कीं, आज लागणाऱ्या कच्च्या तेलापैकीं पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक आपण बाहेरून आणतों. तेलाचा भाव चढला कीं, आपल्याकडे तो मालमोटारीच्या भाड्यांतून भाजीच्या टोपलींत उतरतो. तेल निघालें असतें तर महागाई गेली असती, हें पुतण्याचें म्हणणें इराणच्या इतिहासानें खोटें ठरविलें आहे. जपून वापरलें असतें तर कमी झाली असती, एवढेंच खरें.

'तैल' शब्द 'तिल' यापासून झाला. तीळ पेरावा, राखावा, घाण्यांत घालावा, तेव्हां तेल. खडकांतून उसळणाऱ्या तेलास तें नांव आपण उसनें दिलें. त्यामागें आपला घाम नसतो, म्हणून त्याचा हिशेब अधिक कसोशीनें ठेवावा लागतो. शेताचा मोबदलाही तसाच. तें शेत कसून गेले ते आमचे पणजोबा.

सायंकाळीं दिवेलागणीस निर्णय झाला. घरावर मजला चढवावयाचा नाहीं. रक्कम गांवाबाहेर, निरनिराळ्या ठिकाणीं, जोखीम पाहून गुंतवावी; मूळ रकमेस पुढील पिढीच्या शिक्षणावांचून हात लावूं नये; वर्षाच्या उत्पन्नांतून घराची डागडुजी व आक्काचें औषधपाणी व्हावें. पुतण्यास हें पुरतें पटलें असें नाहीं. "सगळेंच उद्यांसाठीं राखलें तर आज कोण जगणार?" असें तो जातां जातां म्हणाला. नॉर्वेंतही पुष्कळ लोक असेंच म्हणतात, आणि त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. म्हणूनच तेथें वाढ खर्चितात, गाडून ठेवीत नाहींत.

एक गोष्ट मात्र आक्कानें कोणास न विचारतां ठरविली. ओटीलगतच्या दोन खोल्या साफ करून घ्यावयास तिनें गड्यास सांगितलें आहे. जूनमध्यें शाळेंत नवे शिक्षक येणार आहेत. त्यांचें भाडें पूर्वीच्याच दरानें राहील.